तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्रजीच्या तासाला ‘कशावरून?’

पालकसभा संपली की खुर्च्या आवरेपर्यंत दोन-तीन जण घुटमळत थांबतात. त्यातल्या एकाचा प्रश्न ठरलेला असतो. “मॅडम, राग मानू नका, पण इंग्रजीच्या तासाला हे वाद घालणं, प्रश्न विचारणं कशाला? आधी पोरांना धड इंग्रजी तर येऊ द्या. विचार काय, नंतर करतील.” स्टाफरूममध्येही हाच प्रश्न येतो, फक्त तिथे चहाबरोबर आणि जरा तिरका: “झाला का तास, की भांडण चालूच आहे अजून?”

नाशिकच्या पंचवटीतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी बावीस वर्षं इंग्रजी शिकवते आहे. पालकसभेत उभ्या उभ्या जे उत्तर देते ते कुणाला पटत नाही, खरं तर मलाही नाही. तुम्ही विचारलंतच, तर आता नीट सांगते.

प्रशिक्षणाला गेलं की ‘चिकित्सक विचार’ हा शब्द दर पंधरा मिनिटांनी कानावर येतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा उल्लेख होतो, ब्लूम या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाच्या १९५६ च्या वर्गीकरणातल्या, पाठांतरापासून मूल्यमापनापर्यंत चढत जाणाऱ्या पायऱ्या पडद्यावर दिसतात, मग जेवण. आपल्या घरांत मात्र ‘चिकित्सक’ म्हणजे पोह्यांतली कोथिंबीर वेचून ताटाच्या कडेला लावणारा. म्हणून वर्गात मी तो शब्द काढतच नाही. ‘कशावरून?’ एवढ्यावर भागतं.

आणि मुलांना हे शिकवावं लागतं असंही नाही. मधल्या सुट्टीत आउट की नॉट आउट यावर ती जे पुरावे देतात ते ऐकून वकिलाने मान डोलवावी. पण घंटा झाली, इंग्रजीचं पुस्तक उघडलं, की हीच पोरं एकदम गरीब गाय. पुस्तकात लिहिलंय ना, मग तसंच असणार.

एकदा मी गंमत केली. आज रात्री साडेबारा ते साडेतीन पृथ्वीजवळून कॉस्मिक किरण जाणार, मोबाइल बंद ठेवा, असा एक जुना फॉरवर्ड फिरत असतो. तो नववीच्या अर्ध्या वर्गाला मराठीत दिला, अर्ध्याला इंग्रजीत. मराठीतला वाचून मागच्या बाकांवर हशा पिकला. इंग्रजीतला वाचून एक मुलगी गंभीरपणे म्हणाली, “मॅडम, मग सकाळचा अलार्म कसा लावायचा?”

माझं उत्तर खरं तर इथेच आहे. आपल्याकडे इंग्रजीत छापलेलं ते खरं मानायची सवय आहे. बँकेचा कागद असो, औषधाचं खोकं असो, नोकरीची जाहिरात असो, समजलं नाही तरी मान हलवून सही करतो आपण. मग ‘कशावरून’ विचारायची सवय लावायला इंग्रजीच्या तासाइतकी योग्य जागा दुसरी कुठली? भूगोलाच्या तासाला ते मराठीत विचारतीलच कधीतरी.

आता हे व्याकरण बाजूला ठेवून होतं का, तर उलट. एक तास सांगते.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली होती. ती बंदी उठली २०२४ च्या मे महिन्यात. बंदी लागली तेव्हा आपल्या जिल्ह्यात लिलाव बंद पडले, रस्ते अडवले गेले, हे नाशिककरांना सांगायला नको. त्या आठवड्यात मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. दोन्ही माझीच. ‘अनियन प्राइसेस क्रॅश आफ्टर एक्स्पोर्ट बॅन.’ ‘अनियन्स बिकम चीपर आफ्टर एक्स्पोर्ट बॅन.’ आणि विचारलं, यात फरक काय?

पाच मिनिटं कुणी बोललं नाही. “अर्थ सेमच आहे मॅडम,” असं पहिल्या बाकाने जाहीर केलं. मग निफाडकडचा, कांदा पिकवणाऱ्या भागातला एक मुलगा, इथे मामाकडे राहून शिकतो, तो उठला. त्याला ‘क्रॅश’ हा शब्द विमानामुळे आणि हँग होणाऱ्या मोबाइलमुळे माहीत होता. म्हणाला, “मॅडम, पहिल्यात काहीतरी पडलंय, मोडलंय. दुसऱ्यात काहीच मोडलं नाही. दुसऱ्यात तर चांगलंच झालंय.” त्यावर खिडकीजवळची मुलगी ताडकन म्हणाली, “झालंच चांगलं. आमची मिसळीची गाडी आहे. मिसळीवर कांदा कमी टाकला की गिऱ्हाईक बोलतं.” पुढची दहा मिनिटं वर्ग माझ्या हातात नव्हता. त्यांनी ती मराठीत भांडून घेतली आणि मी भांडू दिलं. आधी मराठीत मुद्दा सापडू द्यायचा, मग तो इंग्रजीत ओढून आणायचा, हा माझा क्रम. शेजारच्या वर्गातून ‘जरा हळू’ असा निरोप आला, तोही याच वेळी.

मग एका शांत मुलाने फळ्याकडे बोट दाखवून ‘आफ्टर’ या शब्दावर शंका काढली. “नवा लाल कांदा पण त्याच टायमाला येतो ना बाजारात? मग भाव बंदीमुळेच पडले कशावरून?” मी खडू घेऊन ‘आफ्टर’च्या शेजारी ‘बिकॉज ऑफ’ लिहिलं आणि तीस जोड्यांना त्यातला फरक चार इंग्रजी वाक्यांत लिहायला सांगितला. ‘यानंतर’ आणि ‘यामुळे’ यात गोंधळ घालणारी मोठी माणसं रोज टीव्हीवर दिसतात. त्या पोराला तो फरक स्वतःहून दिसला होता.

निफाडच्या मुलाने शेवटी दुसऱ्या वाक्याबद्दल लिहिलं, ‘धिस सेंटेन्स इज सिटिंग इन कस्टमर्स हाउस.’ नियमाने ते लाल करायला हवं होतं. मला ते इतकं आवडलं की मी फक्त राहिलेला ‘द’ घालून दिला.

कर्मणी प्रयोगाचंही तेच. ‘चेंज द व्हॉइस’ म्हटलं की मुलं यंत्रासारखी वाक्य उलटं करतात, ‘बाय’ लावतात, मोकळी होतात. मी एकदा काळाराम मंदिराचं वाक्य दिलं. मंदिर आमच्या शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथला प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते, हे मुलांना इतिहासातून ठाऊक असतं. वाक्य होतं, ‘द डोअर्स वेअर क्लोज्ड.’ म्हटलं, याचं अ‍ॅक्टिव्ह करा. सगळे अडकले. कर्ताच नाही तर सुरुवात कुठून करणार? “मॅडम, कोणी बंद केले ते लिहिलंच नाही,” एक जण तक्रारीच्या सुरात म्हणाला. मग आम्ही वर्तमानपत्रातून अशी वाक्यं शोधत बसलो. झाडं तोडली गेली, निर्णय घेण्यात आला, रक्कम वळवण्यात आली. मराठीतही ढिगाने सापडली.

या सवयीचा पहिला फटका मलाच बसला, तेही सांगायला हवं. ‘बिकॉज’ने वाक्य सुरू करायचं नाही, हा नियम मी कितीतरी वर्षं ठणकावून शिकवत होते. एका मुलीने गोष्टीच्या पुस्तकातलं ‘बिकॉज’ने सुरू होणारं वाक्य आणून समोर ठेवलं आणि हळूच विचारलं, “मग हा नियम कशावरून, मॅडम?” माझ्याकडे उत्तर एकच होतं: माझ्या बाईंनी सांगितला होता म्हणून. घरी जाऊन व्याकरणाची पुस्तकं काढली. नुसतं ‘बिकॉज’चं तुटकं वाक्य अर्धवट राहतं, त्याला पुढे मुख्य वाक्य जोडलं की ते पूर्ण बरोबर. दुसऱ्या दिवशी वर्गात तसं सांगितलं. जुन्या वह्यांतल्या माझ्या लाल रेघा आठवून अजून ओशाळल्यासारखं होतं.

परीक्षेचं काय, हाही प्रश्न असतोच. दहावीच्या कृतिपत्रिकेत उताऱ्याखाली स्वतःचं मत विचारणारी कृती असते, दोन मार्कांची. त्या दोन मार्कांसाठीही गाइडमध्ये तयार ‘स्वतःचं मत’ मिळतं आणि ते अख्खा वर्ग पाठ करतो. साठ मुलांचं स्वतःचं मत शब्दाशब्दाने सारखं. तपासताना हसावं की रडावं कळत नाही. माझ्या वर्गातही काही जण तेच लिहितात, मार्कही मिळतात त्यांना. मी भांडत नाही. वेळ कमी, वर्ग मोठा, दर आठवड्याला एखादाच तास असा साधतो, तोही मूल्यमापनाचे तक्ते आडवे आले नाहीत तर.

घरून येणारी तक्रार मात्र खरी आहे. “हल्ली उलटं बोलतो, आजीलाही कशावरून विचारतो.” त्यासाठी वहीच्या मागच्या पानावर मतभेदाची सभ्य वाक्यं लिहून घेतली आहेत: ‘आय सी युअर पॉइंट, बट...’, ‘इज इट ऑलवेज सो?’ ती आजीच्या उपयोगाची नाहीत, हे कबूल.

मागच्या सभेत हा प्रश्न विचारणारे एक गृहस्थ मखमलाबादचे द्राक्षवाले. त्यांनीच नंतर सांगितलं. शेतीच्या औषधांच्या दुकानात त्यांना कुठल्याशा टॉनिकचं इंग्रजी पत्रक मिळालं होतं. मुलाला म्हणाले, वाच. त्याने वाचलं आणि पेनने दोन शब्दांभोवती गोल काढले: ‘मे’ आणि ‘अप टू’. चाळीस टक्क्यांपर्यंत उत्पन्न वाढू शकतं, असं होतं ते.

“म्हणजे किती वाढेल?” त्यांनी विचारलं.

“म्हणजे शून्य टक्के वाढलं तरी पत्रक खोटं नाही,” मुलगा म्हणाला.

बाटली त्यांनी घेतलीच. त्या दुकानात उधारी चालते.