जुना फोटो आधी पालथा करा

जुना फोटो हातात आला की लोक आधी चेहरा बघतात, मी आधी फोटो पालथा करतो. घरात सगळ्यांना हे माहितीय, म्हणूनच अमेरिकेत ओहायोत राहणाऱ्या माझ्या भाच्यानं तिथल्या जुन्या बाजारात घेतलेल्या फोटोंचे दोन्ही बाजूंनी स्कॅन करून पाठवले आणि एकाच्या खाली लिहिलं, "मामा, ह्याच्या पाठीमागं तिकीट चिटकवलंय, त्यावर प्लेइंग कार्ड्स छापलंय, हा माणूस पत्त्यांचा क्लब चालवायचा का?"

फोटो अडीच बाय चार इंचाच्या जाड कार्डावरचा, कार्ट-द-व्हिजिट म्हणतात तसला. खुर्चीवर दाढीवाला माणूस, बाजूला त्याची बायको उभी, एक हात त्याच्या खांद्यावर. पत्त्यांचा काही एक संबंध नाही. मागच्या बाजूला मधोमध दोन सेंटचं निळं तिकीट, त्यात जॉर्ज वॉशिंग्टनचं डोकं, खाली प्लेइंग कार्ड्स, आणि वरून काळ्या शाईनं आडवी दोन अक्षरं न तारीख खरडलेली. मी ती तारीख झूम करून करून बघितली, नोव्हेंबर 1864 वाचता येतंय.

त्याचं असंय की तिकडं यादवी युद्ध चालू होतं, सरकारला पैसा पाहिजे होता, मग कर बसत बसत शेवटी फोटोवर पण आला. सप्टेंबर 1864 पासून 1 ऑगस्ट 1866 पर्यंत फोटोग्राफरनं फोटो विकला की कर भरल्याची खूण म्हणून तिकीट लावायचं. फोटोची किंमत 25 सेंटपर्यंत असेल तर दोन सेंटचं, 25 ते 50 ला तीनचं, 50 ते एक डॉलरला पाच सेंटचं, आणि त्याच्यावर दर डॉलरला अजून पाच सेंट. आता फोटोसाठी असं वेगळं तिकीटच सरकारनं छापलं नव्हतं, त्यामुळं जे मिळंल ते लावलं, कुणाच्या फोटोवर बँक चेकचं, कुणाच्या टेलिग्राफचं, कुणाच्या पत्त्यांचं. तिकिटावर काय लिहिलंय त्यावरून फोटोतल्या माणसाचा धंदा ठरवू नका, बघायचा तो आकडा.

आकडा लई कामाचा आहे. दोन सेंट म्हणजे स्वस्तातला, साध्या लोकांचा फोटो, आणि पाच सेंटवाला दिसला की ह्या घरानं जरा जास्त पैसे मोजलेत हे कळतं. त्यातही एक सेंटचं लाल तिकीट एकटंच दिसलं तर अजून बारीक तारीख निघते, कारण दहा सेंटपर्यंतच्या फोटोला एक सेंट हा दर मार्च 1865 मध्ये आला, म्हणजे तो फोटो त्याच्या आधी विकलेला नाही.

तिकिटावर सही का? आपल्याकडं पाच हजाराच्या वरची पावती असली की एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्याच्यावरून सही करतात की, तसंच ते. तिकीट परत वापरता येऊ नये म्हणून. फोटोग्राफरनं आपली आद्याक्षरं न तारीख टाकायची असा नियम होता, पण गर्दीच्या स्टुडिओत नुसती फुली मारून मोकळे व्हायचे, काहींनी मात्र नाव-गावाचा शिक्काच करून घेतला, आणि तो शिक्का मिळाला तर सोन्याहून पिवळं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. ही तारीख फोटो विकल्याची आहे, काढल्याची नाही. बरेच स्टुडिओ निगेटिव्ह जपून ठेवायचे, मागाहून कधीपण कॉपी मिळंल असं कार्डाच्या मागं छापलेलं सुद्धा असायचं. पोरगं युद्धात गेलं, 1862 ला मारलं गेलं, आणि आईनं 1865 ला त्याची कॉपी काढून घेतली तर तिकीट 1865 चं असणार. तिकिटावरून तो तेव्हा जिवंत होता असं धरून चाललात तर सगळा वंशवृक्ष चुकतो. आणि तिकीट नसलं म्हणून फोटो त्या दोन वर्षांतला नाहीच असंही नाही, तिकिटं जमवणाऱ्यांनी पाण्यात भिजवून किती काढून नेलीत! कार्डावर तिकिटाएवढा चौकोन वेगळ्या रंगाचा दिसतो का तेवढं बघायचं.

हे ऐकून आपल्या मराठवाड्यातले काही जण मला विचारायलेत, आमच्या आजोबाच्या फोटोला कुठलं तिकीट? नाही, तसलं तिकीट इकडं शोधू नका. पण पालथं करायची सवय इकडं पण तेवढीच उपयोगाची आहे. निजामाच्या काळातल्या फोटोमागं फसली साल (निजाम सरकारचं महसुली साल) लिहिलेलं असेल तर त्यात 590 मिळवा, फसली 1350 म्हणजे 1940-41. स्टुडिओच्या शिक्क्यातला पत्ता नीट वाचा. लातूरच्या पुढं जि. उस्मानाबाद असेल तर बहुतेक 1982 च्या आधीचा, हिंगोलीच्या पुढं जि. परभणी असेल तर 1999 च्या आधीचा, कारण हे जिल्हेच नंतर झाले. पत्त्यात पिनकोड असेल तर शिक्का 1972 च्या नंतरचा. जुना शिक्का काही दिवस पुढं वापरत राहतात हे खरंय, म्हणून वर्ष-दोन वर्षांची ढील ठेवा.

आणि कृपा करून फोटो फेविकॉलनं अल्बमात चिटकवू नका, लॅमिनेशन तर अजिबात करू नका. लग्नाच्या जुन्या अल्बमातून फोटो सोलून काढताना मागचा कागद निघून येतो, त्याच्यासंगट शिक्का, साल, कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलेलं नाव सगळं जातं, लई जीवावर येतं बघायला. चिटकलेला असेल तर ओढू नका, तसाच राहू द्या. सुटा असेल तर दोन्ही बाजू स्कॅन करा, मोबाईलवर काढला तरी चालतंय, फक्त उजेड तिरपा पडू द्या, म्हणजे पुसट पेन्सिल न दाबलेला शिक्का उठून दिसतो.