‘कारण’ या रकान्यापाशी अडकलेले चार महिने

घरात पहिल्यांदा स्कर्ट घातला त्या दिवसापासून तो घालून कार्यालयात पूर्ण दिवस काम करेपर्यंत मला दीड वर्ष लागले. त्यातले चार महिने एका अर्जाच्या उत्तराची वाट पाहण्यात गेले. तो राग अजून पुरता ओसरलेला नाही, म्हणून हा अनुभव लिहून ठेवत आहे.

घरचा टप्पा मला वाटला होता त्यापेक्षा सोपा गेला. पत्नीला सुरुवातीपासून माहीत होते; माप तिनेच घेतले. बाबांनी मला अचानक त्या वेशात पाहू नये, असे आम्हा दोघांना वाटत होते. त्यामुळे आदल्या दिवशी त्यांच्याजवळ बसून मी सांगितले, “बाबा, उद्यापासून मी घरात स्कर्ट घालणार आहे. मला त्यात मोकळे वाटते, बाकी काही नाही.” त्यांनी “बरं” म्हटले आणि पुढचे तीन आठवडे माझ्याशी बोलताना नजर चेहऱ्याच्या खाली येऊ दिली नाही. मग एका संध्याकाळी त्यांनी विचारले, “याला खिसे नसतात का रे?” त्या प्रश्नाने मला जितके हलके वाटले, तितके कोणत्याही संमतीने वाटले नसते. (खिसे खरोखरच नसतात किंवा नावापुरते असतात. शिवून घेणार असाल तर बाजूच्या शिवणीत खोल खिसे आधीच सांगा.) मुलीने एकदाच विचारले की इतर काका असे का घालत नाहीत. त्यांना नको असेल, असे मी सांगितले आणि तिला ते पुरले.

बाहेर पडण्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पहिले काही दिवस पत्नीबरोबर संध्याकाळी फिरायला गेलो, नंतर एकटा जाऊ लागलो. लोक क्षणभर पाहतात आणि पुढे जातात. सोबत बोलायला कोणी असले की तो क्षण जाणवतही नाही.

अडचण आली ती कार्यालयात. कोणालाही धक्का बसू नये म्हणून आधी परवानगी घ्यावी, असे मला वाटले. ती माझी चूक होती, हे फार उशिरा कळले. मनुष्यबळ विभागाने पोशाखातील सवलतीचा एक छापील अर्ज दिला. त्यात ‘कारण’ या रकान्यात तीनच पर्याय होते: वैद्यकीय, धार्मिक आणि सांस्कृतिक. माझे कारण यांपैकी एकही नव्हते, म्हणून मी तिन्ही चौकटी मोकळ्या ठेवून समासात ‘वैयक्तिक पसंती’ असे लिहिले. पाच आठवड्यांनी अर्ज ‘कारण अपूर्ण’ या शेऱ्यासह परत आला. दुसऱ्यांदा मी अर्धे पान भरून लिहिले, तेव्हा सहा आठवड्यांनी वैद्यकीय प्रमाणपत्राची मागणी आली. तिथल्या एका अधिकाऱ्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, “अहो, त्वचेचा काहीतरी त्रास आहे असं लिहा, आठवड्यात मंजूर होईल.” त्यांचा हेतू चांगला होता यात शंका नाही. पण मी आजारी नव्हतो, आणि आजारी असल्याचे लिहून मिळालेली परवानगी उद्या ‘आता बरे वाटते ना?’ या एका प्रश्नाने काढून घेता आली असती.

त्या काळात पॅरिसमधील एक जुना आदेश माझ्या वाचनात आला आणि मी थक्क झालो. 7 नोव्हेंबर 1800 च्या त्या पोलिसी आदेशानुसार पुरुषी वेश करू इच्छिणाऱ्या स्त्रीला पोलीस मुख्यालयातून परवाना घ्यावा लागे, आणि आरोग्य अधिकाऱ्याच्या दाखल्याशिवाय तो मिळत नसे. पुढे 1892 आणि 1909 मध्ये सायकलीचे हँडल किंवा घोड्याचा लगाम हातात असेल तर सूट देण्यात आली. 2013 मध्ये फ्रान्सच्या महिला हक्क मंत्र्यांनी तो आदेश आता गैरलागू असल्याचे स्पष्ट केले. आवडते म्हणून घातले, एवढे कारण त्या स्त्रियांनाही देता येत नव्हते. शिवाय ‘सांस्कृतिक’ या चौकटीमुळे स्कॉटलंडचा घेरदार किल्ट किंवा आग्नेय आशियातला लुंगीसारखा सारोंग परंपरेने घालणाऱ्या पुरुषाचा अर्ज सहज मंजूर झाला असता. कापड आणि घेर तेच असूनही माझा अडकला होता.

सुटका झाली ती दुसऱ्या एका बातमीमुळे. 2013 च्या उन्हाळ्यात स्टॉकहोमजवळच्या रोसलाग्सबानन या रेल्वेमार्गावरील पुरुष चालकांनी, अर्ध्या विजारींना मनाई असल्यामुळे, स्कर्ट घालून गाड्या चालवल्या, आणि त्यांना अडवणे हा भेदभाव ठरेल असे कंपनीनेच म्हटले. ते वाचून मी आमच्या कार्यालयाची पोशाख नियमावली पहिल्यांदा मुळातून वाचली. तिथे लिहिले होते, ‘स्कर्ट असल्यास त्याची लांबी गुडघ्याखाली असावी.’ तो कोणी घालावा, याविषयी एक शब्दही नव्हता. जी परवानगी मी चार महिने मागत होतो, तिची गरजच नव्हती. मी अर्ज मागे घेतला आणि त्या कलमाचा हवाला देऊन, येत्या सोमवारपासून नियमात बसणारा स्कर्ट घालणार असल्याचे कळवले. दोन दिवसांत ‘नोंद घेतली’ असे उत्तर आले. म्हणून आग्रहाने सांगतो, आधी नियम वाचा, आणि मनाई नसेल तर विचारू नका, कळवा.

मापाचे सांगायचे राहिले. तयार स्कर्टची कंबर बहुधा बेंबीजवळ मोजलेली असते, तर पुरुषांची पँट त्याखाली बसते. म्हणून स्कर्ट जिथे बसवायचा तिथेच माप घ्या. पहिला स्कर्ट पोटरीपर्यंतचा, जाडसर सुती आणि चालताना पाऊल अडणार नाही इतक्या घेराचा असावा. वर आपला नेहमीचा शर्ट आणि पायात नेहमीचे बूट ठेवा, म्हणजे एका वेळी एकच गोष्ट नवी राहते. मांड्या घासू नयेत म्हणून आत तोकडी चड्डी घाला. बसताना मागचा घेर हाताने खाली सारून बसण्याची सवय घरीच करा.

त्या सोमवारी सकाळच्या बैठकीत खोलीत शिरल्यावर क्षणभर शांतता झाली. शेजारच्या सहकाऱ्याने विचारले, “कायमचं का?” मी म्हटले, “आवडेल त्या दिवशी.” त्याने मान हलवली आणि आम्ही मागच्या आठवड्याचा राहिलेला अहवाल उघडला.