उप्सालात दुरुस्त केलेल्या बर्चच्या खुर्च्या

लिलावाच्या यादीत एवढंच होतं: ‘सहा खुर्च्या, बर्च, बीडरमायर’. स्वीडनमध्ये हा शब्द दिसला की मी आधी संशय घेते. बीडरमायर ही खरी व्हिएन्ना आणि जर्मन शहरांतल्या मध्यमवर्गीय घरांची शैली, साधारण १८१५ ते १८४८ या काळातली. नक्षी बेताची, ब्राँझचं काम जवळजवळ नाहीच. लाकडाच्या रेषा हीच शोभा. त्याच सुमारास स्वीडनमध्ये जे घडत होतं त्याला इथले लोक राजाच्या नावावरून कार्ल योहान शैली म्हणतात. हा राजा मुळात नेपोलियनचा फ्रेंच सेनापती बर्नादोत. १८१८ ते १८४४ त्याने इथे राज्य केलं. परदेशी महोगनी महाग, आणि बर्च दारातच. आपल्या भूर्जपत्राच्या झाडाचा हा भाऊबंद. पुढे १९००च्या आसपास हीच फॅशन पुन्हा आली आणि तशाच खुर्च्या कारखान्यांतून निघाल्या. लिलावात या तिन्हींना एकच नाव मिळतं.

म्हणून मी बघायला गेले तेव्हा खुर्च्या आधी उलट्या केल्या. समोरून बघून फारसं कळत नाही. खरी माहिती बैठकीच्या चौकटीच्या आतल्या बाजूला असते. या खुर्च्यांची गादी सुटी असते, वरून चौकटीत बसवलेली. सगळं हाताने केलेलं असल्यामुळे एकीची गादी दुसरीत नीट बसत नाही, म्हणून सुतार चौकटीवर आणि गादीच्या लाकडावर पटाशीने जुळत्या खुणा करत. चार खुर्च्यांवर अशा रेघा सापडल्या: एक, दोन, तीन, आणि चौथीवर सरळ चार उभ्या रेघा. उरलेल्या दोघींवर काहीच नाही. त्यांच्या पाठीच्या पट्टीवरचं व्हीनियर, म्हणजे वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, कडेने पाहिलं तर कागदासारखं पातळ, म्हणजे यंत्राने कापलेलं. बाकी चौघींचं चांगलं मिलीमीटरभर जाड, हाताने करवतलेलं. कुणीतरी नंतर दोन खुर्च्या करवून संच पुरा केला होता. मला त्याचं वाईट वाटलं नाही. घरात माणसं वाढली असतील.

किंमत मात्र आयकियाच्या नव्या खुर्च्यांच्या आसपासच. जुन्या लाकडी सामानाचे भाव इथे बरेच पडलेत. फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, “अगं, कुणाच्या कोण बसलेल्या त्या! धुऊन तरी घे.”

धुणं हेच नेमकं करायचं नव्हतं. सांधे सैल होते. इथे हिवाळाभर घरं गरम ठेवतात, हवा कोरडी पडते, लाकूड आक्रसतं आणि जुना सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांचा गोंद, सुटतो. पण सरसाची गंमत ही की तो परत सोडवता येतो. शेजारच्या निवृत्त सुतारकाकांनी (इथे त्यांना नावाने, ‘तू’ म्हणूनच हाक मारायची, मला अजून जड जातं) इंजेक्शनच्या सुईने सांध्यात स्पिरिट सोडायला शिकवलं. स्पिरिट सरसातलं पाणी ओढून घेतं, तो ठिसूळ होतो, आणि रबरी हातोडीच्या हलक्या ठोक्याने सांधा मोकळा होतो. मग जुना सरस कोमट पाण्याने पुसायचा. नवा सरस दाण्यांच्या रूपात मिळतो. तो रात्रभर थंड पाण्यात भिजवून, पातेल्यात पातेलं ठेवून साठेक अंशापर्यंत तापवायचा. उकळला तर ताकद जाते. वास येतो, तो आईला सांगितला नाही. काकांचा एकच हट्ट होता: पांढरा फेव्हिकॉलसारखा गोंद लावायचा नाही, कारण पुढच्या माणसाला तो सांधा उघडता येणार नाही.

व्हीनियरला आलेला फुगा ब्लेडने रेषांच्या दिशेने चिरून, आत गरम सरस भरून, मेणकागद ठेवून क्लॅम्पखाली बसवला.

पॉलिशमध्ये सगळ्यात जास्त वेळ गेला. बर्च मुळात पांढरट असतो. मधासारखा रंग येतो तो वर्षानुवर्षांच्या उजेडाने आणि पिवळ्या पडत गेलेल्या लाखेने. पॉलिश पेपर मारला की तो रंग गेला, आणि परत आणायला कुणाची तरी हयात लागेल. म्हणून आधी तळाशी कापसाने स्पिरिट लावून पाहिलं. पाच खुर्च्यांवर ते चिकट झालं, म्हणजे वरती लाखच आहे. सहावीवर, जुन्या चौघींतल्याच एकीवर, काही परिणाम नाही. तिच्यावर कुणीतरी आधुनिक व्हार्निश फासलं होतं.

लाखेच्या चपड्यांच्या पाकिटावर ‘भारत’ छापलेलं पाहून मला हसू आलं. झारखंडातल्या पळस, कुसुम, बोरीच्या फांद्यांवरचा किडा हे तयार करतो, आणि मी ते उप्सालात विकत घेत होते. चपड्या स्पिरिटमध्ये विरघळवून, सुती फडक्यात कापूस गुंडाळून, अळशीच्या तेलाचा थेंब देऊन इंग्रजी आठाच्या आकड्यात फिरवायचं. हात मध्येच थांबला की फडकं चिकटतं आणि खालचा थर उचलून येतो. थर इतके पातळ असतात की पहिल्या दिवशी काही केलंय असं वाटतच नाही. मग एका संध्याकाळी टॉर्च तिरका धरला, तर पाठीवरच्या ज्वालेसारख्या रेषा उजेडाबरोबर सरकत होत्या.

गाद्यांमध्ये घोड्याचे केस निघाले, अजून स्प्रिंगदार. ते झटकून परत भरले, फक्त खालचे पट्टे आणि वरचं कापड बदललं. व्हार्निशवाली खुर्ची राहिली आहे. तिला रसायन लावावं लागेल, आणि ते खिडक्या बंद असताना करवत नाही, तेव्हा मे महिन्यात अंगणात घेणार आहे.