पीयूसी फेल, आणि खापर पेट्रोलवर

आमची स्कूटर २०१३ची, कार्ब्युरेटरवाली (म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण जुन्या पद्धतीने करणारी). पीयूसीसाठी म्हापशाच्या एका केंद्रात नेली. तिथल्या पोराने सायलेन्सरमध्ये नळी घातली, स्क्रीन बघितला आणि म्हणाला, "फेल. पेट्रोल खराब, पात्रांव. इथेनॉलचं."

कशात फेल? किती?

"मशीन सांगतं तेच."

मागे रांग. एकाने हॉर्न सुरू केला. मी गाडी हलवली नाही. स्क्रीन माझ्याकडे फिरव, एवढंच माझं म्हणणं. आकडा दाखवायला त्याचं काय जात होतं, हे मला आजही कळलेलं नाही. माझ्या गाडीचाच धूर ना तो? २००० नंतरच्या, पण बीएस-४ या धुराच्या मानकाच्या आधीच्या फोर-स्ट्रोक दुचाकीला आयडलिंगवर (गाडी उभी, इंजिन चालू) कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ४,५०० पीपीएमपर्यंत चालतो, हे मी वाचून गेलो होतो. तसं म्हटल्यावर त्याने तोंड वाकडं करून स्क्रीन फिरवला. कार्बन मोनॉक्साइड ४.८. हायड्रोकार्बन मर्यादेच्या बराच खाली.

म्हणजे पेट्रोलला शिव्या फुकटच. इथेनॉलबरोबर ऑक्सिजन येतो, म्हणजे पेट्रोल जास्त नीट जळतं. ई-२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) घातल्यावर कार्ब्युरेटरच्या गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा आकडा उतरायला हवा, चढायला नव्हे. (रबरी नळ्या आणि मायलेज यांवरून ई-२०शी भांडण आहेच, ते वेगळं.) हा आकडा चढतो तेव्हा इंजिनाला पेट्रोल जास्त आणि हवा कमी पडत असते. हायड्रोकार्बन चढला असता तर प्लग किंवा जळणारं ऑइल बघावं लागलं असतं.

डिचोलीच्या आमच्या गॅरेजवाल्याला दोन्ही आकडे सांगितले. त्याने थेट एअर फिल्टर उघडला. "काका, ही खाणीची धूळ बघा." लाल चिखल नुसता! शिवाय मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवणाऱ्या चोकची केबल अर्ध्यावर अडकलेली. नवा फिल्टर, मोकळी केबल, मिक्श्चरचा स्क्रू थोडा फिरवला. कार्ब्युरेटर खोलायची गरजच पडली नाही.

मुद्दाम त्याच केंद्रात परत गेलो. कार्बन मोनॉक्साइड १.९! या वेळी स्क्रीन न मागता फिरवला गेला. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

इंजिन गार असताना चाचणी देऊ नका, थोडी गाडी फिरवून मग जा. आमच्यासारख्या जुन्या गाडीला सहा महिन्यांनी पुन्हा जावं लागतं, बीएस-४ आणि पुढच्यांना वर्षाने. नव्या गाडीला पहिलं वर्ष लागत नाही. चुकवलंत तर कलम १९०(२)खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, लायसन्सही तीन महिने जाऊ शकतं. आणि पेट्रोलचाच संशय असेल तर पंपावर फिल्टर पेपर मागा, तो द्यावाच लागतो. नोझलचं तोंड पुसून एक थेंब टाकायचा. उडून गेल्यावर डाग राहिला तर भेसळीची तक्रार तिथल्या तिथे करा.