सहा पॅनल तीन दिवसांत, मीटर एकेचाळीस दिवसांत

12 जानेवारी 2025. सोलरचं पहिलं काम छतावर नाही, कपाटात झालं. बाबा जाऊन चार वर्षं झाली, बिल अजून त्यांच्याच नावावर येत होतं. आम्ही भरत होतो, चालत होतं. पण घराच्या छतावरच्या सोलरला सबसिडी देणाऱ्या केंद्राच्या सूर्यघर योजनेच्या पोर्टलवर बिलावरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव एकच लागतं, नाहीतर सबसिडी अडकते. मग मृत्यूचा दाखला, घरटॅक्सची पावती आणि दोन्ही बहिणींचं ना-हरकत घेऊन नाव बदलायचा अर्ज टाकला. यात अडीच आठवडे गेले. अजून पॅनल घ्यायचेच असतील तर आजच बिल काढून नाव बघून घ्या.

2 फेब्रुवारी. किती किलोवॅट घ्यायचं यावर घरात दोन रविवार वाद. इन्स्टॉलर 5 किलोवॅटसाठी मागे लागला होता. आमची जागा मोठी आहे, पण सबसिडी 3 किलोवॅटला 78,000 आणि त्याच्या वर कितीही लावा तरी 78,000च. वर्षभराची बिलं एका कागदावर मांडली तर डिसेंबरात दिवसाला 7 युनिट आणि मे महिन्यात 19. सगळा खेळ दोन कूलर आणि एका एसीचा. 540 वॅटचे सहा पॅनल ठरले, म्हणजे 3.24 किलोवॅट.

9 फेब्रुवारी. स्ट्रक्चर, पॅनल, वायरिंग, अर्थिंगचे तीन खड्डे (पॅनलकडच्या डीसी विजेचा, घरातल्या एसी विजेचा आणि पडणाऱ्या विजेपासून वाचवणाऱ्या लायटनिंग अरेस्टरचा वेगळा), सगळं तीन दिवसांत. तोंड दक्षिणेला, कल 20 अंश, कारण नागपूर 21 अक्षांशावर आहे आणि वर्षभराची बेरीज तिथेच चांगली लागते. पाय सात फुटांचे घेतले, कारण आईनं आधीच सांगून ठेवलं होतं, "कुरडया-पापडांची जागा गेली तर मी ते पॅनल उतरवून ठेवीन." खाली खाटा मावतात. ऊन मात्र पट्ट्यापट्ट्यानं येतं, तेव्हा आई खाट सरकवत बसते.

पुढची नोंद नीट वाचा.

13 ते 16 फेब्रुवारी. नेट मीटर, म्हणजे आत आलेली आणि बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजणारा मीटर, यायला वेळ होता. वायरिंगवाला पोरगा म्हणाला, "भाऊ, चालू करून देतो, तवर फुकटची वीज वापरून घ्या नं." मी हो म्हटलं. चार दिवस मजेत पॅनलच्या सोलर इन्व्हर्टरचे आकडे पाहिले, 52 युनिट बनले. पाचव्या दिवशी जुन्या मीटरकडे लक्ष गेलं तर तो 58 युनिट पुढे गेलेला! थंडीत आमचा चार दिवसांचा सगळा वापर 34च्या वर जात नाही.

डोकं लावलं तेव्हा कळलं. जुना इलेक्ट्रॉनिक मीटर वीज कोणत्या दिशेनं जाते ते बघत नाही, तारेतून गेली की मोजतो. रात्री आपण घेतलेले 20 आणि दुपारी आपणच बाहेर ढकललेले 38, दोन्हींची बेरीज 58. म्हणजे आपली वीज फुकट देऊन वर तिचं बिलही आपणच भरायचं. लगेच इन्व्हर्टरच्या एसी बाजूचा एमसीबी (स्विच) पाडून सोलर बंद केलं. सगळे जुने मीटर असंच करत नसतील, पण तुमचा करतो की नाही हे भर दुपारी सोलर चालू ठेवून, घरातलं बाकी सगळं बंद करून पाच मिनिटांत कळतं. मीटरचा लाल दिवा तरीही लुकलुकत राहिला तर इन्व्हर्टर बंद करा.

22 मार्च. नेट मीटर लागला. काम संपल्यापासून 41 दिवस. 2024 च्या केंद्राच्या दुरुस्तीप्रमाणे 10 किलोवॅटपर्यंतचा अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर धरायचा आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला दिल्यापासून 15 दिवसांत मीटर बसवून चालू करून द्यायचं. दाखला मी काम संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी दिला होता. वीज कंपनीच्या ऑफिसात हे बोलून दाखवलं तर "मीटर स्टॉकमध्ये नाही" इतकंच उत्तर. लेखी अर्ज देऊन पोच घेतली, आणि तिसऱ्या दिवशी मीटर सापडला.

31 मार्च. नऊ दिवसांत बाहेर 92, आत 47, शिल्लक 45 युनिट. ही शिल्लक आज संपली. महिन्याच्या महिन्याला उरलेले युनिट पुढे जातात, पण आर्थिक वर्ष संपलं की खातं शून्यावर येतं. उरलेल्याचे पैसे मिळतात, पण आपण ज्या दरानं वीज घेतो त्या दरानं नाही, खूप कमी.

आता हे नागपूरला लावून बघा. इथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी पंखाही फारसा नको, वीज साचत जाते. कूलरची खस बदलायची वेळ येते एप्रिलात. म्हणजे ऐन गरजेच्या तोंडावर साठा पुसला जातो. 5 किलोवॅट घेतलं असतं तर हिवाळ्याचा सगळा माल पडत्या भावात गेला असता.

18 मे. 45 डिग्री. दुपारी एकला पॅनलच्या पाठीला टेम्परेचर गन लावली, 68. डेटाशीटवर 25 च्या वर प्रत्येक डिग्रीला 0.35 टक्के घट लिहिली आहे, म्हणजे 15 टक्के गेलेच. फेब्रुवारीत दुपारी 2.7 किलोवॅट दाखवणारा इन्व्हर्टर आज 2.3 वर. गरमी जास्त म्हणजे वीज जास्त, असं मीही समजत होतो.

पॅनल धुवायचे असतील तर सूर्य निघायच्या आधी. तापलेल्या काचेवर थंड पाणी नको. बोअरचं पाणी वापरलं तर वर पांढरे डाग बसतात, म्हणून नळाचं पाणी आणि शेवटी वायपर. धुतल्यावर दुसऱ्या दिवशी 12.1 चे 13.3 युनिट झाले.

6 जून. वादळानं लाइन गेली. अर्ध्या तासात लख्ख ऊन, पण लाइन नाही. शेजारचे काकाजी गेटवर आले.

"काहून जी, वर एवढे पॅनल अन् पंखा बंद?"

"ग्रिड गेली की आपलाही बंद होते, काकाजी. खांबावर लाइनमन चढला असंन त्याला आपल्या घरून शॉक लागू नये म्हणून."

"मग इन्व्हर्टर कायले म्हणता त्याले?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. बॅटरीचे हायब्रीड इन्व्हर्टर येतात, पण तो वेगळा खर्च.

27 जून. सबसिडी महिन्याच्या सुरुवातीलाच जमा झाली, पूर्ण 78,000. बिल मात्र चुकीचं आलं, बाहेर गेलेले युनिट शून्य. रीडिंगवाल्यानं आत आलेल्या युनिटचाच फोटो काढला असणार, दोन्ही आकडे स्क्रीनवर आळीपाळीनं येतात. दर एक तारखेला मी मीटरचा व्हिडिओ काढून ठेवतो, तोच दाखवला. पुढच्या बिलात वळते करू म्हणाले. पोच घेतली आहे.