गूल्ड डॉक्टरांच्या यादीप्रमाणे केप कॉडचा ट्रे: प्रगती

मंडळी, केप कॉडचा, म्हणजे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या समुद्रात घुसलेल्या भूशिराचा, शंख-शिंपल्यांचा ट्रे शेवटी नीट लागला. वरच्या कप्प्यात केपच्या उत्तर अंगाचे शंख-शिंपले, खालच्या कप्प्यात दक्षिण अंगाचे. ही वाटणी बॉस्टनच्या डॉ. ऑगस्टस गूल्ड यांची. मॅसॅच्युसेट्सच्या अपृष्ठवंशी प्राण्यांवरच्या १८४१ च्या अहवालात त्यांनी लिहून ठेवलंय की, इथल्या १९७ सागरी प्रजातींपैकी ८३ दक्षिणेला उतरत नाहीत आणि ५० उत्तरेला सापडत नाहीत. मध्ये फक्त वाळूची चिंचोळी पट्टी. पण अलीकडे गार पाणी, पलीकडे कोमट.

गूल्ड पेशाने डॉक्टर. जन्म १८०५ चा, हार्वर्डची वैद्यकीची पदवी १८३० ची. शंख पाहायचे ते रुग्णांतून वेळ काढून, आणि चित्रंही स्वतःच काढायची! १८४६ मध्ये बॉस्टनचे दंतवैद्य मॉर्टन यांनी ईथरने भूल देऊन दाखवली, त्या उपकरणाला झडपा बसवायची सूचनाही यांचीच. सोडलेला श्वास परत ईथरच्या भांड्यात जाऊ नये म्हणून. शिंपल्यांची उघडझाप इतकी वर्षं पाहिलेल्या माणसाला ते सुचलं, याचं मला तरी नवल वाटत नाही.

खरा घाम काढला तो विल्क्स मोहिमेच्या, म्हणजे अमेरिकी सरकारच्या सागरी शोधमोहिमेच्या, शंखांनी. मोहिमेतले शंखतज्ज्ञ कूथुई यांनी बोटीवर क्रमांक लावून जमवलेल्या नमुन्यांच्या चिठ्ठ्या वॉशिंग्टनला पोचल्यावर काढल्या गेल्या. कुठला शंख कुठल्या बेटावरचा, हे जुळवत बसणं गूल्ड यांच्या नशिबी आलं. ग्रंथ निघाला १८५२ मध्ये. बिनचिठ्ठीचा शंख म्हणजे नुसती शोकेसची शोभा, हे तुम्हाला काय सांगायचं! १८६६ मध्ये ते कॉलऱ्याने गेले. १८४१ च्या अहवालाची सुधारित आवृत्ती १८७० मध्ये शंखतज्ज्ञ बिनी यांनी काढली.

ट्रेमधली नवी भर म्हणजे पँडोरा गूल्डियाना, एक दुहेरी शिंपल्याचा प्राणी. शंखतज्ज्ञ डॉल यांनी १८८६ मध्ये गूल्ड यांच्या सन्मानार्थ हे नाव दिलं. एक शिंपली अगदी सपाट, दुसरी जेमतेम फुगीर. मिटली की आत जीव मावत असेल यावर विश्वास बसत नाही. टोकाजवळचा पांढरा थर झिजलाय, तिथून खालचं मोत्याचं अस्तर दिसतं. भिंगाखाली तिरपा उजेड टाकून बघा, सरळ उजेडात ती चकाकी मरते.

आता बारीक गोगलगायी हाती घेतोय. दक्षिण अंगाची चाळलेली वाळू कुणाकडे जास्तीची असेल तर कळवा. ठिकाण आणि तारीख लिहिलेली असेल तरच.