एफ-९१डब्ल्यू अपडेट: टायमिंगची वही, नवा सेल आणि उलटा डिस्प्ले

मंडळी, मागच्या अपडेटनंतर बरंच काही झालंय, त्यामुळे जरा लांबण लागणार.

आधी रोजच्या घड्याळाचं सांगतो. कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू हे साधं डिजिटल घड्याळ अजून हातातच आहे आणि काढावंसं वाटत नाही. १९८९ पासून हे मॉडेल जवळपास जसंच्या तसं येतंय, रियूसुके मोरिआई यांचं डिझाइन, वजन २१ ग्रॅम, जाडी ८.५ मिलिमीटर. हे आकडे नुसते वाचून काही कळत नाही, पुण्याच्या पावसात गाडीवर कळतात. रेनकोटच्या बाहीचं इलॅस्टिक या घड्याळावरून सरळ सरकतं, कुठे अडकत नाही, स्वारगेटच्या सिग्नलला बाही बोटभर मागे केली की वेळ दिसली, मोबाइल काढा, ओली स्क्रीन पुसा, परत खिशात कोंबा हे काही नाही. फक्त एक लक्षात ठेवा, यावर नुसतं 'वॉटर रेझिस्ट' लिहिलेलं असतं, म्हणजे पाऊस आणि हात धुणं चालतं, पोहायला नको. पोहणाऱ्यांनी डब्ल्यू-८००एच घ्यावं, ते १०० मीटरचं आहे आणि सेल १० वर्षांचा.

स्टॉपवॉच पर्वतीला मस्त चालतं. आतकरवाडीतून सिंहगड चढायला मात्र मला तासाच्या वर लागतो आणि हे ५९ मिनिटं ५९.९९ सेकंदांनंतर परत शून्यावर येतं, त्यामुळे तिथे निघाल्याची वेळ लक्षात ठेवायची, झालं काम.

आता वही. रोज सकाळी मोबाइलच्या वेळेशी ताडून फरक लिहितोय. कंपनी महिन्याला अधिक-उणे ३० सेकंद म्हणते, माझं घड्याळ दिवसाला अर्ध्या सेकंदाच्या आसपास पुढे जातं, म्हणजे महिन्याला साधारण १५. पण खरी गंमत थंडीत दिसली. डिसेंबरात घड्याळ रात्री खिडकीजवळच्या टेबलावर काढून ठेवायला लागलो तर पुढे जाण्याचं प्रमाण कमी झालं, आणि हातात घालूनच झोपलो की परत पहिल्यासारखं. कारण आतला क्वार्ट्झचा स्फटिक. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो (२ चा पंधरावा घात, निम्मं-निम्मं करत गेलं की बरोबर एक सेकंद उरतो) आणि २५ अंशांच्या आसपास सगळ्यात जोरात पळतो, त्याच्यापेक्षा गार किंवा गरम दोन्हीकडे तो मंदावतो. दहा अंशांचा फरक पडला की दिवसाला साधारण ०.३ सेकंद. म्हणजे आपल्या मनगटाची ऊब त्याला मंदावू देत नाही! एवढ्या स्वस्त घड्याळात हे आपल्याला साध्या वहीत पकडता येतं याचं मला अजून अप्रूप आहे.

वेळ जुळवायची पद्धत नव्यांसाठी: मोडचं बटण तीनदा दाबा, सेकंद लुकलुकायला लागतील, मोबाइलवर ०० आलं की उजवं बटण दाबा. बास. आणि हो, या घड्याळाला वर्ष माहीत नसतं, फेब्रुवारी कायम २८ चाच, त्यामुळे २०२८ च्या २९ फेब्रुवारीला तारीख हाताने लावायला लागेल.

दुसरं घड्याळ जुन्या बाजारातलं, तेच मॉडेल, बंद पडलेलं, पट्टा भोकापाशी तडकलेला. बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेत भरतो तो बाजार, घड्याळांच्या ढिगात हात घालायचा तर सकाळी लवकर जा. उघडलं तर सेलच संपलेला. मागे चार बारीक स्क्रू, आत सीआर२०१६. तो तापकीर गल्लीत सहज मिळतो. इथे एक जागा जपून: मॉड्यूलच्या (म्हणजे आतल्या यंत्राच्या) मागे एक इवलीशी स्प्रिंग असते, ती मागच्या झाकणाला टेकते आणि झाकणाला आतून चिकटवलेली पिवळसर चकती तासाला बीप देते. स्प्रिंग उडाली तर घड्याळ चालतं पण मुकं होतं, म्हणून मी पांढऱ्या ताटात ठेवून उघडतो. नवा सेल घातल्यावर 'एसी' लिहिलेला ठिपका आणि सेलची वरची बाजू चिमट्याने क्षणभर जोडायची म्हणजे रीसेट होतं. झाकण लावायच्या आधी रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवलं, पुण्याच्या धुळीत हे केलेलं बरं.

मग डिस्प्ले उलटा करायला घेतला, म्हणजे काळ्यावर उजळ आकडे. एलसीडीच्या काचेवर पुढून एक पोलरायझरची (एकाच दिशेत थरथरणारा प्रकाश जाऊ देणारी) फिल्म चिकटवलेली असते, ती ब्लेडने कोपऱ्यातून उचलायची, घाई अजिबात नाही, काच कागदासारखी तडकते. फिल्म निघाली की आकडे गायब! घड्याळ चालू आहे, बीप देतंय, पण समोर नुसती राखाडी पाटी. गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला आणि जुन्या कॅल्क्युलेटरमधून काढलेली फिल्म वर धरली. एका बाजूने धरली तर नेहमीचे काळे आकडे उमटले, तीच हळूहळू फिरवत गेलो तसे ते फिके होत होत विरले आणि काटकोनात आल्यावर पाटी काळीभोर आणि आकडे उजळ. मी ती फिल्म किती वेळ नुसती फिरवत बसलो होतो. भाची शेजारी होती, "मामा, यात नवीन काय घातलंस?" काहीच नाही, तोच प्रकाश, फक्त अडवायची दिशा बदलली. तिला फिल्म हातात दिली तर तिनेही तेच केलं.

रोज वापरायला कसं? उन्हात झकास दिसतं. घरात संध्याकाळी जरा डोळे ताणायला लागतात, आणि एफ-९१डब्ल्यूचा लाइट म्हणजे डाव्या कोपऱ्यातला एक हिरवा एलईडी, उजवीकडच्या आकड्यांपर्यंत पोचता पोचता दमतो. म्हणून रोजचं घड्याळ मूळ डिस्प्लेचंच ठेवणार, माझं मत ठाम आहे, वाचायला त्याच्याइतकं सोपं दुसरं नाही.

महागड्या घड्याळावर हे धाडस मी केलं नसतं, आणि केलं नसतं तर पोलरायझर नक्की काय करतो ते चित्रातच बघत राहिलो असतो. मला या स्वस्त डिजिटलचं वेड का आहे विचाराल तर हे, घालायला काळजी नाही आणि उघडायला भीती नाही.

पुढचं काम कॅसिओच्याच ए१६८चं. त्याचा लाइट एलईडी नाही, अख्खी पाटी मागून निळसर-हिरवी उजळते, त्यामुळे उलट्या डिस्प्लेला तिथे अंधारातही अर्थ आहे. फिल्मचा तुकडा कापून ठेवलाय, येत्या रविवारी उघडतो.